संत्रा निघते तवा ये

८ जुलै २०२४, अमरावती

आज मला कोणीतरी मॅडम म्हणालं. एरवी मी काकू, वहिनी, नाहीतर ‘ड्रायव्हर साहेबांच्या मिसेस’. म्हणणारा अकोल्याचा रोहित, वय तिशीच्या आत. एमआयडीसीत त्याचा काचेच्या दिव्यांचा कारखाना उभा राहतोय. पोर्तुगालमधला एक जुना, तोंडाने काच फुंकायचा कारखाना बंद पडतोय, त्याची भट्टी, अवजारं सगळं यानं उचललं. अवजारांची सगळी माहिती पोर्तुगीजमध्ये, आणि याच्या इंजिनिअरला हवी इंग्रजीत. आधी कम्प्युटरकडून करून पाहिलं म्हणे. कम्प्युटरनं एका अवजाराला ऊस केलं आणि भट्टीच्या एका भागाला पेटारा. मग कोणीतरी माझं नाव सांगितलं.

अख्ख्या वऱ्हाडात पोर्तुगीज येणारी मी एकटीच असेन. वडील पोस्टात, बदली मडगावला. शेजारच्या आना बाईंनी भाषेची गोडी लावली, पुढं पणजीच्या कॉलेजात तोच विषय घेतला. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोर्तुगीज येते म्हन्ते, पन भाकर येते काय?” भाकर आली. पोर्तुगीज पुस्तकात राहिली. वाचता येते, लिहिता येते. बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते.

कामाचं ऐकून आमचे हे खुर्चीतून उठलेच. जन्मभर परतवाडा डेपोची एसटी चालवलेला माणूस, आनंद झाला की याला बसवत नाही. “आता पाय वं मंजू, तुह्या इद्येचं चीज झालं!” म्हणाले, आणि चौकात जाऊन चार जणांना सांगून आले.

१४ जुलै

कामाची रीत अशी. इंटरनेटवर एक तक्ता आहे, तो मी इथून उघडते आणि तिकडचा माणूस तिकडून. एका रकान्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात माझा इंग्रजी, तिसऱ्यात शंका, चौथ्यात तिचं उत्तर. उत्तरं देणारा आर्मिंदो नावाचा तिथला जुना कारागीर. विक्री करणाऱ्यांनी त्याला या कामावर बसवलंय.

‘काना’ म्हणजे काच फुंकायची लोखंडी नळी, आणि उसालाही तोच शब्द. हाच तो ऊस! मी विचारलं, लांबी किती? उत्तर आलं, “जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत. माझी पहिली काना मामाने दिली. तिचं तोंड माझ्या ओठांनी झिजलंय.” आता हे मी इंग्रजीत कुठल्या मापात बसवू? बोलघेवडा दिसतोय.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “म्हंजे फुकनी. सांग त्याले, आमच्या मायच्या चुलीपाशी बी होती.” मी सांगितलं. आर्मिंदोने विचारलं, तुमच्या आई काय फुंकायच्या? मी लिहिलं, विस्तव. त्याला फार आवडलं ते.

३० जुलै

काम झकास चाललंय. जिथं अडते तिथं आर्मिंदो चित्र काढून, फोटो जोडून समजावतो. काच फुंकून झाली की लगेच थंड करायची नसते. एका लांबट भट्टीतून ती हळूहळू निववत न्यायची, नाहीतर तडकते. तोच तो पेटारा. याचं इंग्रजीही त्यानंच सुचवलं. तरुणपणी इंग्लंडात दोन वर्षं होता म्हणे.

रोहित घरी आला होता. तक्ता पाहून म्हणाला, “काकू, तुम्हाला काचेतलं एवढं कसं कळतं हो?” (मॅडमची काकू झाली, ते असो.) मी नुसती हसले. आर्मिंदोचं नाव ओठावर आलं होतं. पण ह्यांनी तेवढ्यात पोहे पुढे केले आणि राहून गेलं. सांगायला काय, नंतरही सांगता येईल.

११ ऑगस्ट

आज ह्यांनी तक्त्यात स्वतःचा मजकूर घुसवला. मी कामाला बसले होते, हे शेजारी संत्र्याच्या बगीच्याचा हिशेब भावाला फोनवर सांगत होते. मोर्शीला दोघा भावांचा बगीचा आहे. फोन ठेवला आणि म्हणाले, “या मान्साची भट्टी बंद होऊन राहिली, अवजारं आपल्या अकोल्याले येऊन राहिली. अन् हा तिथी एकटा काय करन? लिही त्याले.”

“काय लिहू?”

“लिही, संत्रा निघते तवा ये. वरची खोली रिकामी हाय. जित्के दिवस राह्याचं तित्के राय. अकोल्याले मी सोता नेऊन सोडीन. तुह्या हातानं भट्टी पेटवून दे, पोरायले शिकव, मंग आपल्याकडं रोडगे अन् वांग्याची भाजी खा.”

मी शब्दाला शब्द लावून लिहिलं, संत्री डिसेंबरात निघतात हेही. हसतच लिहिलं. आमच्या ह्यांची ही सवयच आहे. वीज मीटर वाचायला आलेल्यालासुद्धा जेवून जा म्हणतात. आपल्याकडं ‘या कधीतरी’ म्हणायचं असतं, आणि कोणी यायचं नसतं. बोलावणाऱ्याचं मन राहतं, न येणाऱ्याचंही राहतं.

१३ ऑगस्ट

आर्मिंदोचं उत्तर: “तुमचे आभार कसे मानू? माझ्याकडे पासपोर्ट नाही. काढतो.” 

काय पण सभ्य माणूस! नाही म्हणायची किती गोड रीत. आमच्याकडं ‘बघतो, जमवतो’ म्हणतात तसंच.

२५ ऑगस्ट

आज भट्टीच्या झाकणाबद्दल विचारलं होतं. उत्तराच्या रकान्यात इंग्रजी शब्द दिला आणि खाली हे: “काल भट्टी विझवली. मी या कारखान्यात आलो तेव्हापासून हिचा आवाज कधी थांबला नव्हता, नाताळातही नाही. रात्री घरी झोप लागली नाही, फार शांत होतं. पण तुमच्याकडे ती परत पेटणार आहे हे मी सगळ्यांना सांगितलं. मीच पेटवणार आहे हेही सांगितलं.”

रकाना एवढा फुगला की खालच्या ओळी पडद्याबाहेर गेल्या. मला काम करू देईल तर शपथ! आवरून ठेवलं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. हे मोर्शीहून बैलांची पूजा करून आले ते थेट वरच्या खोलीत शिरले. चुना मारून घेताहेत. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून आणली, नवी खोळ शिवायला टाकली. वरच्या संडासात खुर्चीचं भांडं बसवायला गवंडी आलाय. नितेशसाठी चाललं असेल. आमचा नितेश पुण्याला, तीन दिवाळ्या आला नाही. बापाला वाटत असेल, या वर्षी तरी खोली पाहून पोरगं राहील. विचारावंसं वाटलं, पण विचारलं तर दोघांनाही वाईट वाटेल.

९ सप्टेंबर

आज तक्ता उघडला आणि शेवटची ओळ तीनदा वाचली.

गेले काही दिवस आर्मिंदो शंकेच्या रकान्यात स्वतःच शंका टाकतोय. घरात शिरताना बूट काढायचे का? डिसेंबरात लोकरीचं लागेल का? सेन्योर खुशालराव (म्हणजे आमचे हे!) काय पितात? मी बुटाचं उत्तर दिलं, चहाचं दिलं, वाटलं माणूस चौकस आहे. आज हे: “पासपोर्ट आला. भट्टीवर उभं राहायचं तर साध्या फिरायच्या व्हिसावर चालत नाही म्हणतात. कारखान्याकडून बोलावण्याचं पत्र लागेल. दोन ओळी पुरेत. तुम्ही मालकांना सांगाल ना?”

अगबाई, हा खरंच निघालाय!

ह्यांना हाक मारणार होते. वरून गवंड्याशी बोलण्याचा आवाज आला, “भांडं जरा उंच घे रे बाबू, मानूस उंच असते तिकडचा.” तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पायरीवरच बसले. दोघंही ठरवून बसले होते आणि मधे बसून दोघांचं एकमेकांना पोचवणारी मी तेवढी काही समजले नव्हते.

मग आठवलं. हे ‘कधीतरी’ म्हणाले नव्हते. संत्रा निघते तवा म्हणाले होते.

१२ सप्टेंबर

रोहितला फोन लावायला चारदा मोबाईल हातात घेतला.

खरं काय ते इथं तरी लिहावं. आर्मिंदो आला तर तो रोहितशी इंग्रजीत बोलेल. पहिल्याच दिवशी कळेल की तक्त्यातला अर्धा शहाणपणा त्याचा आहे. आणि माझ्याशी तो पोर्तुगीजमध्ये बोलेल. मी काय करणार? पाटी धरून लिहून दाखवणार? सगळ्यांसमोर, ह्यांच्यासमोर, त-त-प-प. ह्यांनी अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलंय की आमची मंजू फडफड पोर्तुगीज बोलते. मला सत्तावन्नाव्या वर्षी कोणी मॅडम म्हटलं, ते एवढ्यात सोडवत नाही. हलकटपणा आहे, मला कळतं. पण आणखी चार दिवस राहू दे.

२६ सप्टेंबर

अकोल्याला गेले होते. रोहितने कारखाना दाखवला. भट्टीचा चौथरा तयार आहे, वर पत्रे टाकणं चालू. म्हणाला, “भट्टी पेटेपर्यंत तुम्ही आमच्यासोबतच राहा काकू. आठवड्यातून दोनदा गाडी पाठवतो.” माझ्यासाठी खुर्ची आणि टेबलसुद्धा ठेवलंय, पंख्याखाली. नंतर विचारलं, “तिकडच्या माणसाची काही अडचण? काही मागतोय का?”

मी म्हटलं, “नाही, काही नाही.”

एवढं सोपं होतं ते. येताना बोरगावपाशी चहाला थांबलो, तर मी चहा तसाच टाकून गाडीत येऊन बसले.

५ ऑक्टोबर

काम संपलं. तक्त्यावर ‘पूर्ण’ लिहून रोहितला कळवलं. त्याआधी शेवटच्या शंका वाचल्या:

“तुमच्याकडे सण आहेत म्हणून पत्राला उशीर होतोय का?”

“सेन्योरा आजारी आहेत का? तेवढंच सांगा.”

“मालकांना मी म्हातारा वाटतो का? तसं असेल तर मी समजू शकतो. मी फक्त पेटवून देईन, काम दुसऱ्यांनी करावं.”

समोरचे उत्तराचे तिन्ही रकाने रिकामे. मी बोटं टेकवली आणि काढून घेतली. आणि तक्ता बंद केला.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलंच. “काय म्हन्ते आपला पाव्हना? तिकिटाचं झालं काय?”

“त्यांचं काही जमत नाहीये म्हणे. कागदपत्रं अडलीत.”

“जमन. मले लायसन काढाले सा महिने लागले होते,” म्हणाले आणि वांग्याची दुसरी वाटी पुढं केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. नितेश आला नाही. ह्यांनी वरच्या खोलीच्या दारातही पणती ठेवली.

२ डिसेंबर

कंटेनर अकोल्याला पोचला. रोहितचा फोन, “काकू, यात एक पेटी तुमच्या नावाची आहे, ती काही आमच्या यादीत नाही.” हे म्हणाले, मी येतो. स्वतः कोणाची तरी व्हॅन मागून घेतली आणि चालवत नेली.

लाकडी पेटी, ट्रंकेएवढी. झाकणावर रंगाने माझं नाव, खाली ‘खुशालराव’, दोन्हींचं स्पेलिंग बरोबर, खाली त्याचं नाव आणि फोन नंबर. सप्टेंबरातच, पत्राची वाट बघत असताना, त्यानं ती जहाजावर चढवली होती. ह्यांनी तिथंच हातोडीने झाकण उचकटलं.

कपडे होते. घडी घातलेले तीन शर्ट, लोकरीची टोपी, ठिणग्यांनी भोकं पडलेला चामडी एप्रन, काळे बूट पॉलिश करून. घरात घालायच्या नव्या चपला, किमतीची चिठ्ठी अजून तशीच. मीच सांगितलं होतं ना, बूट बाहेर काढतात म्हणून. एका बाजूला ती नळी, जुनी, तोंडाकडं झिजलेली. आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेलं काचेचं संत्रं, वर हिरवं पान. सोबत चिठ्ठी: “भट्टी विझायच्या आधीचं शेवटचं. सेन्योर खुशालराव यांना.”

ह्यांनी ते तळहातावर घेऊन फिरवून पाहिलं. “हा तं माल्टा हाय, मोसंबीच्या जातीचा,” म्हणाले. “आपला संत्रा असा गुळगुळीत नसते. त्यानं पाह्यलाच नाई ना अजून. दाखवू त्याले.” मग रोहितकडं वळून, “सामान आलं म्हंजे मानूस निघालाच समजा.”

रोहित माझ्याकडं पाहत होता. “कोण माणूस, काकू?”

३ डिसेंबर

काल रोहितला ‘नंतर सांगते’ म्हणून टाळलं, आणि परतताना व्हॅनमध्येच ह्यांना सांगितलं. सगळं. मूर्तिजापूरच्या अलीकडं सुरुवात केली. रोहितचं कौतुक, पत्र, ‘कागदपत्रं अडलीत’. हे रस्त्यावरची नजर काढत नव्हते. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं.

बडनेरा आलं तेव्हा म्हणाले, “आपन बलावलं होतं ना वं.”

एवढंच. घरी आल्यावर पेटी एकट्याने वर नेली, मला हात लावू दिला नाही. शर्ट खुंटीला लावले. चपला खाटेपाशी ठेवल्या. मी दारात उभी होते, मला आत जायची हिंमत झाली नाही. रात्रभर रडले. आता रडून काय उपयोग!

५ डिसेंबर

सकाळीच अकोला गाठलं आणि रोहितसमोर सगळं ओकले. तक्त्यातली कुठली उत्तरं कोणाची, तेही दाखवलं. त्याने डोक्याला हात लावला.

“काकू, दोन ओळींचं तर पत्र होतं. मी असा माणूस कधीपासून शोधतोय. काल फिरोजाबादच्या काचेच्या उस्तादाला होकार दिला, तो घरदार घेऊन निघालाय. आता त्याला कसं फिरवू?”

तरी म्हणाला, “तुम्ही म्हणाल तर पाहुणा म्हणून पत्र देतो. येऊ द्या, बघू द्या, राहू द्या.” तिथंच टाईप करून शिक्का मारून दिलं. खरंच दोनच ओळी झाल्या. ते पर्समध्ये घेऊन आले. तक्ता उघडायला गेले तर उघडत नाही. काम संपलं म्हणून तिकडून बंद केलाय म्हणे.

उरला झाकणावरचा नंबर.

७ डिसेंबर

ह्यांनी दुपारी फोन आणून समोर ठेवला. “लाव.”

“मला बोलता येत नाही हो. खरंच येत नाही. लोकांना तुम्ही उगाच—”

“मले माहीत हाय,” म्हणाले. “टीव्हीवर कधी तिकडची बातमी लागली तं तू ओठ हालवतं, पन आवाज नाई काढत. पाहून राहिलो ना मी इतके वर्षं. मोडकं बोल. त्यालेबी आपली भाषा कुठी येते?”

म्हणजे यांना माहीत होतं. मग मी ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते बोलता न येणं कोणापासून लपवत होते?

नंबर लावला. पोर्तुगीज लोक फोन उचलून हॅलो म्हणत नाहीत, ‘आहे मी’ म्हणतात. तो तसंच म्हणाला. भरदार आवाज, मागे भांड्यांचा खणखणाट.

मी माझं नाव सांगितलं. मागचा खणखणाट थांबला, त्याने दार लावलं असावं.

मी बोलले. क्रियापदं चुकली, काळ चुकले, मधेच इंग्रजी आलं, एकदा तर मराठी आलं. पत्र मालकांकडे मी मागितलंच नाही म्हणून सांगितलं. मालकांचा काही दोष नाही, तुमच्या वयाचा नाही, सणांचा नाही, माझा. आणि आता पत्र आहे, माझ्या हातात आहे, तुम्ही या.

तो सावकाश बोलला, मला कळावं म्हणून शब्द सुटे करून. आता पुतण्याच्या बेकरीत असतो. पहाटे पाव लावायचे असतात, पुतण्याला दुसरं कोणी नाही. भट्टी ती भट्टीच, म्हणाला. पेटीचं विचारलं. पोचली, सगळं नीट आहे, काही फुटलं नाही, म्हटलं. “छान,” म्हणाला, “नळी तिथल्या कारागिराला द्या. फुंकायच्या आधी तोंड गरम पाण्याने धुवायला सांगा.” चपलांचं काही बोलला नाही. मीही नाही.

मी म्हटलं, “मला माफ करा.”

“सेन्योरा,” तो म्हणाला, “तुम्ही छान बोलता. आधी बोलायला हवं होतं.” आणि मग, अगदी मऊ आवाजात, “तुम्ही दोघं इकडे या. कधीतरी. घर तुमचंच आहे.”

मी आभार मानले. फोन ठेवला.

हे समोर उभेच होते. बसलेच नव्हते. “काय म्हन्ते? येते काय?”

“आपल्यालाच बोलावलंय.”

“कवा?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. “कधीतरी या म्हणाला.”

ह्यांनी मान हलवली आणि वर गेले. मी मागून गेले, आज आत गेले. ह्यांनी गादीची एक बाजू धरली, दुसरी मी धरली, आणि आम्ही ती गुंडाळून दोरीने बांधली. खाली अंगणात मोर्शीहून आलेले संत्र्यांचे क्रेट होते. उन्हं कलली होती, ते आधी आत घ्यायला हवे होते.